जिवंत भावाचं मरणसाल

६ मे २०१९, सोमवार

आज घराण्याच्या संताचा दिवस. पाव कापायच्या आधीच आईनं सुरुवात केली. पाद्रीबाबा समोर बसलेले, मेणबत्ती पेटलेली, आणि ही मला म्हणते, "ल्युबिंका, त्या दगडावरचं साल काढा. नाहीतर मी त्याखाली झोपणार नाही. मला मोराव्हात फेकून द्या."

पाद्रीबाबा म्हणाले, "देसांकामावशी, नदीत टाकायला परवानगी लागते." हसले. मी नाही हसले.

त्या दगडाचं असं आहे. बापानं सगळे करतात तसा जिवंतपणीच दगड करून घेतला. काळा, चकचकीत. स्वतःचा चेहरा, आईचा चेहरा आणि माझ्या धाकट्या भावाचा, व्लास्ताचा. मला जागा नाही. मुलगी नवऱ्याच्या दगडावर जाणार ना. (नवरा गेला ऑस्ट्रियाला, दुसरीच्या दगडावर.) नावाखाली जन्मसाल, मग आडवी रेघ, पुढची जागा कोरी. बापाची सत्त्याण्णवला भरली. आईची कोरी आहे. व्लास्ताची भरलेली आहे. १९९९.

आणि मी हे लिहितेय तेव्हा व्लास्ता मागच्या अंगणात मिरचीला पाणी घालतोय. अठ्ठेचाळीस वर्षांचा. गुडघे दुखतात त्याचे, दुसरं काही नाही.

गावातल्या कुणीतरी हलकटानं कोरलं ते. लढाईतून पळून आलेला आम्हाला मेला, असं सांगायला. वीस वर्षं झाली. पूर्वी आजच्या दिवशी आमच्या अंगणात खुर्च्या पुरायच्या नाहीत. आज पाहुणे तीन, त्यातला एक पाद्री.

७ मे

ही वही डॉक्टरणीमुळे. म्हणाली, बीपी वाढलंय, ओरडण्याऐवजी लिहीत जा. सातवी शिकलेली बाई मी. लिहिण्यापेक्षा ओरडणं सोपं होतं.

९ मे

टीव्हीवर त्या वर्षाबद्दल बोलत होते. कुणी कोटवाला म्हणाला, "आपल्या माता सैन्याच्या पाठीशी खंबीर उभ्या होत्या." मी रिमोट फेकला. बॅटऱ्या कपाटाखाली गेल्या.

खंबीर उभ्या होत्या! कुठं उभ्या होत्या ते मला विचार. चौकात उभ्या होत्या, नगराध्यक्षाच्या सज्जाखाली, आणि शिव्या देत होत्या. मी होते तिथं. बेकरीतून पीठ लागलेल्या हातानं गेले होते.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये आमच्या माणसांना राखीव सैनिक म्हणून उचललं आणि कोसोवोत लढायला नेलं. मे महिन्यात शवपेट्या यायला लागल्या. आईला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं मोरीत हात धुतले, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि निघाली. चौकात पोचेपर्यंत तिच्यामागे अख्खी गल्ली. नगराध्यक्ष सज्जात येऊन म्हणाला, "मातांनो, तुमची मुलं सुखरूप आहेत. शांतपणे घरी जा."

आई खालून म्हणाली, "इतकी सुखरूप जागा असेल तर तुझा मुलगा समुद्रावर काय करतोय? त्यालाही पाठव की तिकडे."

सगळ्या बायका हसल्या. खरंच हसल्या. मग तो म्हणाला की तुम्ही शत्रूच्या पैशावर आलाय. आईनं पायातली लाकडी तळव्याची चप्पल काढली आणि मारली. नेम चुकला, पण खिडकीची काच गेली. तेवढ्यात बॉम्ब टाकणाऱ्या विमानांचा भोंगा वाजला. पोलीस पळाले तळघरात. बाई एकही हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र पोलीस परत आले, दंडुके घेऊन. आईच्या खांद्यावर बसला. तो हात अजून वर जात नाही, केस मी विंचरते. ती बातमी डोंगरात पोचली: चौकात तुमच्या आयांना बडवतायत. मग पोरं ट्रकमध्ये बसली आणि खाली आली. बंदुका रस्त्यावर ठेवून दिल्या, ढीग करून.

आई त्या दिवशी एका पायात चप्पल घालून व्लास्ताला आणायला गेली होती. दुसरी नव्हतीच. ती नगरपालिकेत.

१२ मे, रविवार

झोप नाही. राहिलेलं लिहून टाकते.

पोरं आली तेव्हा गाव लोटलं होतं. पाव, मीठ, राकियाची दारू, फुलं. आमच्या बेकरीच्या मालकानं एक अख्खी परात चीज भरलेला बुरेक फुकट वाटला. व्लास्ताला खांद्यावर घेतलं लोकांनी. तो नुसता बघत होता. मला वाटलं, थकलाय.

दहा दिवस. दहा दिवसांत वारं फिरलं. लष्करी पोलीस घरोघर यायला लागले. रेडिओवर 'पळपुटे' म्हणाले. लगेच गावही तेच म्हणायला लागलं. ज्यांच्या खांद्यावर बसला होता तेच! मालक मला म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, पाव घ्यायला दुकानात येऊ नको, गिऱ्हाईक बिचकतं." मी म्हटलं, बुरेक वाटताना नाही बिचकलं? म्हणाला, "तेव्हा सगळेच वाटत होते."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

टायरच्या कारखान्यानं त्याला कामावर परत घेतलं नाही. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापानं अंगठी आमच्या फाटकाला दोऱ्यानं बांधून ठेवली, आत सुद्धा आला नाही. आणि त्याच उन्हाळ्यात, बापाच्या वर्षश्राद्धाला उकडलेले गहू घेऊन गेलो तर दगडावर ते साल. आई तिथंच खाली बसली. मी ओरडले, कब्रस्तानभर ओरडले. व्लास्ता म्हणाला, "ताई, चल. गहू सांडतील."

एवढंच म्हणाला.

१६ मे

दगड कोरणाऱ्या तिहोमिरकडे गेले. तेव्हा दुकान त्याच्या बापाचं होतं. बाप वारला, म्हणून आता याला धरलं. म्हटलं, तुझ्या बापानं कुणाच्या सांगण्यावरून कोरलं ते?

तो सँडविच खात होता. म्हणाला, "ल्युबिंका, दर दोन वर्षांनी येऊन तू हेच विचारतेस. आमच्या दुकानातलं नाही ते. आम्ही मशीननं कोरतो. ते कुणीतरी छिन्नीनं ठोकलंय, आणि ठोकणाऱ्याचा हात हलत होता."

"प्यायलेला असणार हरामखोर."

"असेल. मला वाटलं, रडत असेल."

"रडतोय कशाला? हसत असेल."

खांदे उडवले त्यानं. पुसून द्यायला तयार आहे. म्हणाला, खळगा राहील थोडा, पण आकडा जाईल. फक्त कब्रस्तानाच्या कार्यालयातून होकार आण. म्हटलं, आणते. माझ्या भावाला जिवंत करायला होकार लागतो का बघते.

२० मे

लागतो!

कार्यालयात एक पोरगी बसली होती, नखं लांब, खिडकीत कॅक्टस. म्हणाली, दगडावरच्या माणसाबद्दल बदल असेल तर त्या माणसाची सही हवी. किंवा मयत असेल तर वारसाची. "मयत आहेत का?"

"दगडावर आहे."

"म्हणजे वारस तुम्ही?"

"अगं, तो घरी मिरच्या लावतोय!"

"मग त्यांनाच येऊ दे ना, काकू."

तिचं काही चुकलं नाही. तेच तर. कुणाचंच काही चुकत नाही या गावात. मी बाहेर येऊन त्यांच्या कुंडीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

२१ मे

बीपी १७०. डॉक्टरणीनं विचारलं, लिहिताय ना? म्हटलं, त्यानंच वाढलंय.

२७ मे

व्लास्ताला सांगितलं, कार्यालयात चल, सही कर. तो लसणाच्या वेण्या घालत होता. मान वर केली नाही.

"राहू दे, ताई."

"काय राहू दे? तू मेलायस का?"

"तुला त्रास होतोय ना बघून? मग तू नको जाऊस तिकडे. मी घासतो दगड दरवर्षी."

घासतो, ते खरं. वर्षातून चार शनिवारी, मृतात्म्यांच्या दिवशी, बादली आणि ब्रश घेऊन जातो. पण आधी नेनादचा दगड घासतो. नेनाद म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, आमच्या दोन ओळी पुढे आहे. तोही नव्व्याण्णवचा, पण खरा. तिकडेच राहिला. त्याच्या मागे कुणी नाही, आई तो लहान असतानाच गेली. त्याच्या दगडावर एक सिगारेट पेटवून ठेवतो, मग आमच्याकडे येतो. मला नेहमी राग येतो. घरचा दगड आधी की परक्याचा?

मी म्हटलं, "तुला स्वतःची काही चाड नाही. आईनं खांदा मोडून घेतला तुझ्यासाठी."

त्यानं वेणी खाली ठेवली. परत उचलली. "माहितीय," म्हणाला.

ही माणसं बोलत का नाहीत? मी ओरडते तेवढं सगळ्यांच्या वाट्याचं मलाच ओरडावं लागतं.

२ जून

आई जेवत नाहीये. सूप दोन चमचे. येत्या पंधरा तारखेला, शनिवारी, मृतात्म्यांचा दिवस आहे. म्हणते, साल त्याच्या आत गेलं पाहिजे.

म्हटलं, मी सहीशिवाय काढते, तिहोमिरला पटवते. एका रविवारी सकाळी सगळे चर्चमध्ये असताना जाऊन येतो.

तर माझ्यावरच डाफरली. "तू नाही! तिहोमिर नाही! व्लास्ताला ने. त्याच्या हातानं पुसलं गेलं पाहिजे."

"त्याच्या हातानं कशाला? त्यानं केलंय का?"

आईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हातारपण. हट्ट धरला की धरला. साल जाण्याशी मतलब, हात कुणाचा का असेना.

९ जून, रविवार

आज जे झालं ते लिहिते आणि मग गोळी घेते.

चौकात वीस वर्षांचा सोहळा होता. तंबू, बँड, मुलांच्या हातात कागदी झेंडे. नवीन पाटी लावली नगरपालिकेच्या भिंतीवर, आईनं फोडलेल्या खिडकीच्या बरोबर खाली. पाटीवर लिहिलंय की गाव एकदिलानं उभं राहिलं. एकदिलानं! बायकांबद्दल अक्षर नाही. चपलेबद्दल तर नाहीच.

भाषणाला वुकोमान उभा राहिला. सैनिक संघाचा अध्यक्ष, बाजारात टोमॅटोची रोपं विकतो, डावा पाय लाकडाचा. नव्व्याण्णवला कॅफेत सगळ्यांसमोर व्लास्ताला 'भेकड' म्हणणारा हाच. वीस वर्षं मी त्याच्याकडून रोप घेतलं नाही, दुसऱ्या टोकाला जाऊन महाग घेतलं. कायम धरून चालले होते की छिन्नी याचीच.

तो म्हणाला, "आपण त्या वेळी कुणालाही मागे सोडलं नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं. "आणि माझ्या भावाला? त्याला तर पुरलंस की!"

बँडवाले थांबले. मी पुढे गेले. म्हटलं, "वुकोमान, सांग या सगळ्यांना. जिवंत माणसाच्या दगडावर मरणसाल कोरताना लाज नाही वाटली? माझी आई सूप पीत नाही त्यापायी."

वाटलं होतं, माणसं लावून बाहेर काढेल. त्यानं माईक बंद केला. पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागतो, सगळे बघत उभे. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "बाई, मी तुझ्या भावाला भेकड म्हणालो. भर कॅफेत, त्याच्या तोंडावर. मला जे म्हणायचं ते मी तोंडावर म्हणतो. कब्रस्तानात छिन्नी घेऊन मी जात नाही. एका पायावर तो चढ चढवत नाही मला. आजही नेनादच्या दगडापर्यंत मला दोघं धरून नेतात."

"मग कोण?"

"मला काय विचारतेस? घरी विचार."

"घरी काय विचारायचं?"

तो आणखी जवळ आला. मग हळू म्हणाला, "मी शेवटपर्यंत थांबलो. पाय ठेवून आलो. स्टेशनवर मला घ्यायला कोण होतं माहितीय? एक कुत्रं. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाही. नंतर बोलावलं, भाषणाला. म्हणून सांगतो. तुझ्या आईनं त्याला आणला, चांगलं केलं, माझी आई असती तर मीही आलो असतो. पण तो आल्यावर तुमच्यापैकी कुणी त्याला विचारलं का, की तिकडे काय झालं?"

मी म्हटलं, "त्याला आठवण नको म्हणून नाही विचारलं."

"हं," म्हणाला. "मलाही सगळे तसंच म्हणतात."

आणि परत वर चढला. माईक सुरू केला, पण पुढचं भाषण केलं नाही. नावं वाचली मेलेल्यांची. नेनादचं वाचताना अडखळला.

मी घरी आले. आता गोळी घेते.

१० जून

दिवसभर पीठ मळलं आणि आठवत बसले. कधी विचारलं होतं? जेवलास का विचारलं. सही करतोस का विचारलं. आईचा खांदा, माझी बेकरी, गावाचा हलकटपणा, सगळं त्याला शंभरदा ऐकवलं. 'आम्ही तुला आणलं' हे तर प्रत्येक सणाला.

संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तो रेडिओ दुरुस्त करत होता. "काय गं ताई?"

"काही नाही. मिरच्यांना पाणी घातलंस?"

"घातलं."

गाढव आहे मी.

१४ जून

गहू उकडून ठेवले. तिहोमिर उद्या मशीन घेऊन येणार, कार्यालय गेलं खड्ड्यात. व्लास्ताला सांगितलं. वाटलं होतं राहू दे म्हणेल. म्हणाला, "मीपण येतो."

१५ जून, शनिवार

कब्रस्तानात आधी नेनादकडे गेलो. या वेळी मी पण थांबले. सिगारेट पेटवताना व्लास्ताचा हात हलत होता, तेव्हा मी विचारलं, तिकडे काय झालं रे?

दगडाकडे बघतच सांगितलं. ट्रक आले तेव्हा दोघं पहाऱ्यावर होते. नेनाद म्हणाला, दोघं गेलो तर बाकीचे झोपेत मरतील, तू जा, तुझी आई चौकात उभी आहे, माझं कोण उभं आहे. हा चढला. दोन दिवसांनी नेनाद मारला गेला. "म्हणून आलो इथं, आपल्या बापाची छिन्नी घेऊन. दोघांचं एकच साल असावं म्हणून. आईला माहितीय, ताई. त्या दिवशी माझ्या बाह्यांवरची धूळ तिनंच झटकली."

वीस वर्षं मी गावाला शिव्या घातल्या. घालायच्याच होत्या, पण यासाठी नव्हत्या.

तिहोमिरनं मशीन लावलं. व्लास्तानं त्याच्याकडून घेतलं. शेवटचा नऊ पुसला. तेवढाच. मग मशीन बंद करून हातानं धूळ काढत राहिला. दगडावर १९९ राहिलं, पुढे खळगा.

घरी आले तर आई उठून बसलेली. साल गेलं का, असं विचारलं नाही तिनं.

"कुणाच्या हातानं?"

"त्याच्या," म्हटलं.

तिनं सुपाची वाटी मागितली.